कराटे सुरू करून राहिले? मग आधी काय घ्यायचं अन् काय थांबवून ठेवायचं

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात अन् त्याच सुमारास गावोगावचे कराटे क्लासही सुरू होतात, मग मायबापाचा पहिला प्रश्न हाच असते, "सर, सामान काय काय घ्या लागते?" काही ठिकाणी लगेच यादी हातात देतात. ड्रेस, बेल्ट, ग्लोव्हज, शिनगार्ड, चेस्टगार्ड, वरून बॅग, सगळं मिळून तीन-चार हजाराच्या घरात जाते अन् ज्याच्या घरी दोन पोरं आहेत तो माणूस ती यादी पाहून तिथूनच परत फिरते. मी दारव्ह्याकडच्या एका गावात क्लासला मदत करतो, नवीन पोट्ट्यांची बॅच माझ्याकडे असते, म्हणून स्पष्ट सांगतो की ती पूर्ण यादी पहिल्या दिवशी लागतच नाही. शिकणं जसं पुढे जाते तसं एकेक घेत जायचं. अन् हातात पैसा कमी असला तर दिखाव्याच्या वस्तू मागे ठेवायच्या, दात अन् नाजूक जागा सांभाळणाऱ्या वस्तू पुढे घ्यायच्या. बाकी सगळं याच्यातच येते, आता पायरीपायरीने सांगतो.

पायरी पहिली: पहिला महिना-दीड महिना ड्रेस घेऊच नका

सुरुवातीला पोरगं काय शिकते ते आधी पहा. उभं कसं राहायचं, मूठ कशी बांधायची, हवेत पंच, हवेत किक, वाकून नमस्कार, इची-नी-सान म्हणजे जपानीत एक-दोन-तीन मोजणं. याला किहोन म्हणतात, म्हणजे पाया. यात समोर कोणी मारणारा नसते, त्यामुळे गार्ड-बिर्ड काहीच लागत नाही. घरात असलेली ट्रॅक पँट अन् गोल गळ्याचा टी-शर्ट पुरे. फक्त पँट ढिली पाहिजे, गुडघा छातीपर्यंत वर आला पाहिजे, अन् तिला चेन किंवा धातूचं बटन नको कारण खाली बसताना-लोळताना ते रुतते. जीन्स बिलकुल नको. पोरींना सलवार-टीशर्ट चालते, फक्त ओढणी घरी ठेवून यायची. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये समग्र शिक्षाचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालते ना, सहावीपासून वरच्या पोरींचं, तिथे पोरी शाळेच्या ड्रेसवरच शिकतात अन् मस्त शिकतात.

काही पालकांना वाटते की ड्रेस नसला तर पोरगं मागे पडेल. असं काही नाही. ओकिनावा बेटावर जिथे कराटे वाढलं तिथे जुने लोक रोजच्या कपड्यावरच सराव करायचे. गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला आले, कराटे जपानच्या मुख्य भूमीवर पसरायला लागलं, तेव्हा जुडोवाल्या जिगोरो कानो यांच्या पद्धतीवरून हा पांढरा ड्रेस अन् बेल्टाची पद्धत कराटेत आली. म्हणजे आधी कराटे होतं, ड्रेस नंतर आला. त्याच क्रमाने आपणही गेलो तर काही बिघडत नाही.

अन् दुसरी गोष्ट, महिनाभरात समजून जाते की पोराचं मन लागते की नाही. शेतीच्या कामात आणायला-न्यायला कोणी नसते, सोयाबीन काढणी आली की घरचे सगळे वावरात, पोरगं क्लासला आठ-आठ दिवस येत नाही. हे सगळं एकदा जमून येऊ द्या, मग पैसे लावा.

पहिल्या दिवशी मात्र या गोष्टी नक्की पाहिजे. पाण्याची स्वतःची बाटली, एक लिटरची. छोटा टॉवेल किंवा पंचा. हातापायाची नखं कापलेली, अन् हे मी दर शनिवारी स्वतः तपासतो कारण वाढलेल्या नखाने समोरच्याचा डोळा जाऊ शकते. अंगठी, कानातले, पैंजण, काचेच्या बांगड्या, गळ्यातला ताईत सगळं घरी काढून ठेवायचं. कमरेचा करदोडा काढायला घरची मंडळी तयार नसतात, ठीक आहे, मग त्याला घुंगरू किंवा चांदीचा मणी असेल तर तो आतून कपड्यात खोचा अन् जोडीने सराव सुरू झाला की त्याच्यावर पट्टी बांधा. पोरींच्या केसाला कापडी रबर लावा, धातूची क्लिप नको. पोरगी डोक्याला स्कार्फ बांधत असेल तरी अडचण नाही, जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धेतसुद्धा साधा काळा स्कार्फ चालते, फक्त त्याने केस झाकायचे, गळा उघडा राहिला पाहिजे.

बूट घेऊ नका. कराटे अनवाणी करतात. पण क्लासच्या दारापर्यंत चप्पल घालूनच यायचं, काहून की पाय माखून मॅटवर आले की सगळी मॅट खराब होते. आता आपल्या गावात क्लास बहुतेक शाळेच्या पटांगणावर नाहीतर समाज मंदिरात भरते. पटांगणावर असेल तर आधी खराट्याने झाडून घ्या, दिवाळीनंतर गोखरूचे काटे इतके पसरतात की पहिल्याच किकला पोरगं खाली बसते. बाभूळ जवळ असली तर अजून लक्ष द्या. पोराचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आशाताईला किंवा पीएचसीत विचारून घ्या, हेही मी सामानातच धरतो. अन् शाहाबादी फरशीवर सतरंजी टाकून सराव करणं हा प्रकार बंद करा, सतरंजी सरकते अन् पोरगं डोक्यावर पडते. त्यापेक्षा नुसती कोरडी फरशी बरी.

पायरी दुसरी: ड्रेस, म्हणजे गी

पोरगं टिकलं, आता ड्रेस घ्यायचा. आपल्याकडे सगळे ड्रेसच म्हणतात, सर लोक गी म्हणतात. इथे सगळ्यात जास्त फसगत होते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तालुक्याच्या दुकानात जाऊन "कराटेचा ड्रेस द्या" म्हटलं की दुकानदार जे पांढरं दिसेल ते काढून देते. तायक्वांदोचा ड्रेस बनियनसारखा डोक्यातून घालायचा असते, त्याला व्ही आकाराचा गळा असते. जुडोचा ड्रेस जाड अन् दाणेदार विणीचा असते कारण तिथे कॉलर धरून ओढतात. कराटेचा जॅकेट समोरून पूर्ण उघडा, एकावर एक पदर येणारा, कापड साधं सपाट, अन् दोन्ही बाजूला बांधायला नाड्या. चार नाड्या मोजून घ्या. नाडी नसलेला स्वस्त जॅकेट दोन किकमध्ये उघडून जाते अन् पोरगं पूर्ण वेळ कपडेच सावरत राहते.

कापडाचं असं आहे की हलका, मध्यम अन् भारी असे प्रकार येतात अन् ते औंसात सांगतात. साधारण ८ औंस म्हणजे हलका, १० ते १२ मध्यम, १४ च्या पुढे भारी. मोबाईलवर पोरं काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली क्रमाने एकट्याने करणं, तो करणाऱ्यांचे व्हिडिओ पाहतात, २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे होतं त्याचे व्हिडिओ अजून फिरून राहिले, त्यात पंच मारला की ड्रेसचा फाट्कन आवाज येते. तो आवाज जाड कडक कॅनव्हासचा असते. पोरं तोच ड्रेस मागतात. आपल्या इथे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, त्या जाड कापडात नवीन पोरगं अर्ध्या तासात गळून जाते. नवख्याला ८ औंसचाच घ्या. कापूस अन् पॉलिस्टर मिक्स असलेला लवकर वाळते अन् आकसत नाही, पावसाळ्यात बरा पडते. पूर्ण सुती घाम जास्त शोषते, उन्हाळ्यात अंगाला बरा वाटते, पण पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आकसते. मला विचाराल तर रोज सराव असेल अन् ड्रेस एकच असेल तर मिक्स घ्या, आठवड्यातून तीन दिवस क्लास असेल तर सुती घ्या.

माप उंचीवरून असते. ११० सेंटीमीटरला ०००, १२० ला ००, १३० ला ०, १४० ला १ नंबर, १५० ला २, १६० ला ३, १७० ला ४, असं दर दहा सेंटीमीटरला पुढे जाते. काही लोकल कंपन्या इंचाचे नंबर टाकतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पोराला भिंतीला उभं करून पेन्सिलची खूण करा, टेपने सेंटीमीटर मोजा अन् दुकानात नंबर सांगण्याऐवजी उंची सांगा. सुती घेत असाल तर एक नंबर मोठा चालते. दोन-तीन नंबर मोठा "पुढच्या वर्षीही येईन" म्हणून घेऊ नका, पायात पायजमा अडकून पोरगं पडते.

बरोबर माप कसं ओळखायचं? जॅकेट कमरेखाली बसकट झाकेल एवढा, पण मांडीच्या पाऊण भागाच्या खाली नको. बाही मनगटाच्या पुढे नको अन् कोपर ते मनगट याच्या अर्ध्यापेक्षा आखूडही नको. पायजमा नडगीचा दोन तृतीयांश भाग झाकेल एवढा, घोट्याच्या हाडाच्या खाली जायला नको. स्पर्धेचे नियमही असेच आहेत अन् तिथे बाही दुमडून चालत नाही, म्हणून लांब असेल तर आतून टीप मारून घ्या, पोरगं वाढलं की उसवता येते.

दुकानातच ड्रेस घालून पोराला घोडेस्वारासारखं पाय फाकवून खाली बसायला लावा. पायजम्याचं आसन ताणलं, शिवण दिसायला लागली, की तो ड्रेस ठेवून द्या. पायजमा सगळ्यात आधी आसनातच फाटते. चांगल्या पायजम्याला तिथे वेगळा चौकोनी तुकडा लावलेला असते अन् दुहेरी शिवण असते, उलटा करून पहा. कमरेला नुसतं इलॅस्टिक असेल तर नाडीही ओवून घ्या.

साधा नवख्याचा ड्रेस ५०० ते १००० रुपयात भेटून जाते, बहुतेक वेळा पांढरा बेल्ट सोबतच येते, तरी विचारून घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर आधी पिनकोड टाकून पहा की गावापर्यंत येते की तालुक्यालाच सोडतात, अन् साइज बदलून देतात का ते वाचा, कारण परत पाठवायचं असेल तर कुरिअरवाला गावात येत नाही अन् मग तो ड्रेस तसाच पडून राहते.

अजून एक रस्ता आहे, आमच्याकडे बऱ्याच घरांनी तो केला. गावातल्या टेलरकडून शिवून घ्यायचा. जाड मांजरपाट किंवा मजबूत सुती कापड आणा, आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, मगच कापायला द्या, नाहीतर शिवल्यावर आकसून पोराच्या पिंडरीपर्यंत येईल. टेलरला नमुन्याला एक जुना ड्रेस द्या. कॉलरला तीन-चार पदर टाकून सरळ टिपा मारायला सांगा अन् आसनाला जोड तुकडा लावायला सांगा. आपण कापूस पिकवणारी माणसं, चांगलं सुती कापड हाताला कळते, त्यामुळे हा ड्रेस कित्येकदा दुकानातल्यापेक्षा जास्त टिकते. क्लासमध्ये मोठ्या पोरांचे आखूड झालेले ड्रेस असतात, तेही विचारा. आमच्या क्लासमध्ये दिवाळीच्या सुट्टीनंतर आखूड झालेले ड्रेस धुवून जमा करतात अन् खालच्या बॅचला देतात, कोणाला कमीपणा वाटत नाही कारण सगळ्यांचेच असे आलेले असतात.

घालायची पद्धत लक्षात ठेवा, डावा पदर वर, उजवा आत. पोरगा असो की पोरगी, दोघांनाही हेच. पोरींनी आतून पांढरा टी-शर्ट घालायचा.

पायरी तिसरी: बेल्ट बांधणं

पांढरा बेल्ट ड्रेससोबत येते, वेगळा घेत असाल तर लांबी कंबरेच्या दुप्पट अन् वर दोन-अडीच फूट पकडा. बांधताना बेल्टचा मध्य बेंबीवर ठेवा. दोन्ही टोकं मागे नेऊन फिरवून पुन्हा समोर आणा, ओढून सारखी करा. आता डावं टोक उजव्यावर घ्या अन् पोटावरच्या दोन्ही पदरांच्या खालून वर काढा, ओढा. मग दुसरी गाठ उलट बाजूने, उजव्या हाताकडचं टोक डाव्यावर घेऊन खालून काढा अन् दोन्हीकडे सारखं ओढा. गाठ चपटी आडवी बसली अन् टोकं दोन्ही बाजूला पडली तर बरोबर आहे. एक टोक वर अन् एक खाली असं झालं तर दुसरी गाठही त्याच बाजूने मारली, सोडून पुन्हा बांधा. टोकं दोन्हीकडे किमान १५ सेंटीमीटर लोंबली पाहिजे.

लहान पोरांना घरी आरशासमोर रोज बांधायला लावा. आईने बांधून देऊ नये.

रंगाचा क्रम पांढरा, पिवळा, नारंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा साधारण असते पण शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू अशा वेगवेगळ्या शैली आहेत अन् संघटनेप्रमाणे मधले रंग बदलतात. म्हणून पुढचे बेल्ट आधीच घेऊन ठेवू नका. अन् कोणी सांगितलं की एका वर्षात काळा बेल्ट देतो, तर तिथे पोरगं टाकू नका. नेमाने सराव केला तरी काळ्यापर्यंत जायला चार-पाच वर्षं लागतात.

पायरी चौथी: दात अन् नाजूक जागा

आता जोडीने सराव सुरू होणार, समोरासमोर, याला कुमिते म्हणतात. सर म्हणाले की पुढच्या आठवड्यापासून कुमिते आहे, की त्याच्या आधी या दोन वस्तू घरात आल्याच पाहिजे. ग्लोव्हज नसले तर एक वेळ क्लासचे चालतात, या दोन वस्तू दुसऱ्याच्या वापरता येत नाहीत.

एक, माऊथगार्ड. पडलेला दुधाचा दात परत येते, पण आठ-नऊ वर्षांनंतर समोरचा पक्का दात तुटला की तो आयुष्यभर नाही, अन् तालुक्याला जाऊन दात बसवायचा खर्च सगळ्या कराटेच्या सामानापेक्षा जास्त होते. "उकळून चावायचा" जो प्रकार येते तो घ्या, दीडशे-दोनशे रुपयापासून भेटते. फक्त वरच्या दातांना बसणारा घ्यायचा. बसवायचा कसा, तर पाणी उकळून गॅसवरून उतरवा, पाकिटावर जितके सेकंद लिहिले तितकेच त्यात गार्ड बुडवा, चमच्याने काढा, एकदा थंड पाण्यात टेकवून लगेच वरच्या दातावर बसवा. तोंड मिटून चावा, आत हवा ओढा, बाहेरून गालावरून अन् ओठावरून बोटांनी दाबा, अर्धा मिनिट. मग थंड पाण्यात टाका. तोंड उघडल्यावर खाली पडला नाही अन् पोरगं त्यात बोलू शकलं, श्वास घेऊ शकलं, तर बसला. सैल वाटला तर पुन्हा एकदा करता येते. हे काम मोठ्या माणसाने करायचं, पोराच्या हाती उकळतं पाणी देऊ नका. दाताला तार लावली असेल तर आधी दाताच्या डॉक्टरला विचारा. दात पडायच्या वयात गार्ड लवकर बदलावा लागते. वापरून झाला की धुवून, डबीत ठेवायचा, अन् डबीला छिद्रं पाहिजे. एकाचा दुसऱ्याने तोंडात घालायचा नाही, सख्खे भाऊ असले तरी.

दोन, पोरांसाठी ग्रोइन गार्ड. क्रिकेट खेळणारे याला सेंटर गार्ड म्हणतात, आतून घालायचा कडक कप असते. सुरुवातीला क्रिकेटचाच चालते, पण तो जागेवर राहिला पाहिजे, नुसत्या अंडरवेअरमध्ये तो सरकते अन् त्याची कडच लागते. याच्यावर आपल्याकडे पक्का उपाय आहे, लंगोट. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, आपल्या भागात आखाडा काही नवीन नाही, बाजाराच्या दिवशी लंगोट अजूनही भेटते. कप ठेवून वरून लंगोट घट्ट बांधला की किती उड्या मारा, हलत नाही. पोरींनाही पुढे ग्रोइन गार्ड येतात, अन् वयात आलेल्या पोरींसाठी छातीचं गार्ड वेगळं येते, ते ड्रेसच्या आतून घालतात. हा विषय बऱ्याच घरी सरांशी बोलायला लाजतात, म्हणून क्लासमधल्या ताईने आयांशी बोलावं, आमच्याकडे तसंच करतात.

चष्मा असलेलं पोरगं कुमितेला चष्मा घालून उतरू शकत नाही. किहोन-काताला मागून डोक्याला पट्टा बांधून चालते.

पायरी पाचवी: ग्लोव्हज, शिनगार्ड, चेस्टगार्ड

हे साधारण पिवळ्या बेल्टच्या आसपास घ्या, त्याच्या आधी नाही. पोराचा हात वाढतो, सहा महिने आधी घेतलेले ग्लोव्हज वापरायच्या आतच लहान होऊन जातात.

ग्लोव्हज म्हणजे बॉक्सिंगचे नाही. कराटेचे पातळ फोमचे असतात, बोटांच्या मागच्या बाजूला गादी अन् तळहाताकडे इलॅस्टिक. मूठ पूर्ण बंद झाली पाहिजे, अंगठा बाहेरून दाबता आला पाहिजे. शिनगार्ड नडगीचं, त्याला पायाच्या वरच्या पंज्याचा तुकडा जोडलेला असते, तो निघणारा-लागणारा असेल तर उत्तम. घालून पोराला धावायला लावा, फिरून पोटरीवर गेलं तर साइज मोठी आहे. चेस्टगार्ड महाग पडते, ते क्लासने चार-पाच मिळून ठेवावं, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही.

रंग घेताना थांबा. स्पर्धेत एक खेळाडू लाल अन् एक निळा असते, जपानीत आका अन् आओ म्हणतात, अन् ग्लोव्हज-शिनगार्डही त्याच रंगाचे लागतात. म्हणजे दोन जोड्या लागतात. क्लासमध्ये दोन मित्रांनी ठरवून एकाने लाल अन् एकाने निळा घेतला तर दोघांचं भागते, फक्त साइज एक पाहिजे.

क्योकुशिन शैली असेल तर ती फुल कॉन्टॅक्ट आहे, तिथलं सामान वेगळं, ते त्या सरांनाच विचारून घ्या.

क्लासने मिळून घ्यायचं

मॅट एकट्याने घ्यायची वस्तू नाही. एक मीटर बाय एक मीटरचे कोड्यासारखे जुळणारे मॅट येतात, दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीचे चालतात. ग्रामपंचायतीला किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीला लेखी अर्ज द्या, वर्गणी करा. उन्हात ठेवू नका, वाकडे होतात, अन् उंदरापासून जपा, गोदामात ठेवले की कुरतडतात.

किक मारायला पॅड घ्या किंवा बॅग घरी बनवा. बारदान्याचं चांगलं पोतं दुहेरी करा, आत टेलरकडची कातरण अन् जुन्या साड्या-चिंध्या ठासून भरा, थोडं भरून लाकडाने ठोका, पुन्हा भरा. वाळू किंवा माती भरू नका, ती तळाला जाऊन दगडासारखी घट्ट होते अन् मनगट मुरगळते. बाहेरून जुन्या जाड चादरीचं आवरण शिवा, नाहीतर बारदान्याने कातडी सोलते. नायलॉनच्या दोरीने कडुलिंबाच्या जाड फांदीला बांधा, आधी मोठ्या माणसाने लोंबकळून फांदी तपासा. लहान पोरांसाठी दहा-पंधरा किलोची पुरे.

घेऊ नका त्यात नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्या, पहिला. पोरं जत्रेतून आणतात. तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळं वय लागते. माकिवारा, म्हणजे ठोसे मारायची फळी, तीही वाढत्या हाडाच्या पोरांना नको. पायाला बांधायचे वजनाचे पट्टेही नको, किक मारताना गुडघ्यावर ताण येते. महागडी बॅग नको, शाळेचं जुनं दप्तर चालते.

धुणं अन् ऊन

ड्रेस प्रत्येक क्लासनंतर धुवायचा, ओला गुंडाळून बॅगेत ठेवला की वास तर येतेच पण गजकर्ण होते, अन् एकाला झालं की मॅटवरून सगळ्या बॅचला होते. ज्याला झालं त्याला बरं होईपर्यंत जोडीच्या सरावात घेऊ नका, घरी सांगून डॉक्टरकडे पाठवा, मेडिकलमधून कोणतंही मलम आणून लावू नका. आपल्या काळ्या मातीचा डाग लवकर जात नाही, आधी थंड पाण्यात तासभर भिजवा, मग साबण. ब्लीचने कापड कमजोर होते, त्यापेक्षा शेवटच्या पाण्यात थोडी नीळ टाका. रक्ताचा डाग पडला तर गरम पाणी लावू नका, तो पक्का होते. रंगीत बेल्ट ड्रेससोबत भिजवू नका.

मार्च ते जून क्लास सकाळी सहाला घ्या, संध्याकाळी पाचला पटांगण अजून तापलेलं असते, अनवाणी पायाला फोड येतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, हे पाणी क्लासमध्ये तयार ठेवा. डोकं दुखलं, मळमळलं, अंग गरम होऊन पोरगं बरळायला लागलं तर क्लास तिथेच थांबवा, सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला अन् दवाखान्यात न्या.

क्लासच्या पेटीत क्रेप बँडेज, कापूस, पट्टी, अँटिसेप्टिक, चिमटा, छोटी कात्री ठेवा. चिमटा काट्यासाठी. बर्फ गावात नेहमी भेटत नाही, कोणाच्या तरी फ्रिजमध्ये दोन पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवायला सांगा, मुका मार लागला की कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायच्या.

फी भरायच्या आधी विचारा

सामानाचा हिशोब नीट केला तरी काही खर्च नंतर निघतात, ते पहिल्याच भेटीत सरांना विचारा, यात लाजायचं काही नाही. बेल्ट परीक्षेची फी किती अन् वर्षातून कितीदा? प्रमाणपत्राचे पैसे वेगळे का? संघटनेची मेंबरशिप आहे का, दरवर्षी भरावी लागते का? सामान क्लासमधूनच घ्यायची सक्ती आहे का? चांगले सर या सगळ्याची उत्तरं तिथल्या तिथे देतात अन् बाहेरून सामान आणलं तर तोंड वाकडं करत नाहीत. फी जमत नसेल तर तेही सांगा, आपल्या भागात पिकाचा पैसा आल्यावर फी घेणारे सर आहेत.

स्पर्धेची वेळ आली तर

शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यावर, मग विभागावर जातात. नाव देण्याआधी सरांकडून त्या स्पर्धेचा सामानाचा नियम लिहून घ्या, कारण प्रत्येक संघटनेचा थोडा वेगळा असते, कुठे हेडगार्ड लागते, कुठे ठरावीक कंपनीच्या शिक्क्याचे ग्लोव्हज लागतात. वजन गटात उतरायचं असेल तर आठ दिवस आधी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून ठेवा. आदल्या रात्री बॅगेत ड्रेस, स्वतःचा बेल्ट, लाल अन् निळा बेल्ट, माऊथगार्डची डबी, ग्रोइन गार्ड, दोन्ही रंगाचे ग्लोव्हज-शिनगार्ड, टॉवेल, बाटली, आधारकार्ड अन् बोनाफाईड टाका. पहिली एसटी पकडायची असते, सकाळी शोधायला वेळ राहत नाही. जेवणाचा डबा घरूनच द्या, भाकरी-चटणी किंवा पोळी-भाजी, पण लढतीच्या दोन तास आधी खाऊन झालं पाहिजे.